आडनाव न विचारणारी गल्ली

दहा महिन्यांत आम्हाला एकदाही कुणी जात विचारली नाही. स्पेनमधून परत आल्यापासून हे वाक्य आम्ही किमान शंभर जणांना ऐकवलं असेल. ऐकणारे मान डोलावतात, ‘याला म्हणतात देश’ म्हणतात आणि चहा संपवून उठतात. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि अर्धं सत्य सांगून टाळ्या घेणं आपल्या चळवळीला शोभत नाही. म्हणून उरलेलं अर्धं इथे लिहीत आहोत.

आमच्यापैकी एकाला वालेन्सियाच्या विद्यापीठात दहा महिन्यांचं काम मिळालं होतं, सप्टेंबर २०२२ ते जून २०२३. दुसऱ्यानं संस्थेतून बिनपगारी रजा घेतली. सहा वर्षांची लेक सोबत होती. एप्रिलमध्ये आजीही आली. तिच्या व्हिसाला नव्वद दिवसांची मर्यादा, म्हणून ती शेवटच्या तीन महिन्यांसाठीच आली. येताना पाच किलो ज्वारीचं पीठ आणि बाबासाहेबांची एक लहान फ्रेम घेऊन आली.

घर मिळालं एल काबान्यालमध्ये. हा शहराचा समुद्राकडचा जुना कोळीवाडा. सरळ समांतर गल्ल्या, एक-दोन मजली घरं आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत फरश्या. हिरव्या, निळ्या, पिवळ्या. ज्याला जशा परवडल्या तशा त्यानं लावल्या. घर बघायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. कारण आपल्याकडच्या एका मोठ्या शहरात आम्ही भाड्यानं घर शोधलं तेव्हाचा अनुभव ताजा होता. पाच घरं पाहिली, आणि तीन ठिकाणी आडनाव सांगितल्याबरोबर घर ‘कालच गेलेलं’ निघालं. इथे मालकानं पासपोर्ट, पगाराचं पत्र आणि दोन महिन्यांची अनामत मागितली. संपलं. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ झोपलो नाही. अपमान झाला नाही याचाही एक थकवा असतो, हे तेव्हा कळलं.

आडनाव विचारलं ते फक्त नगरपालिकेच्या खिडकीवर. तिथे राहायला गेलं की ‘पद्रोन’ नावाच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं. त्या अर्जात आडनावाचे दोन रकाने असतात, एक वडिलांचं आणि दुसरं आईचं. लेकीच्या अर्जात आईकडचं आडनाव लिहिताना बरं वाटलं. ही नोंद झाली की कायद्यानं तुम्ही त्या गावाचे ‘वेसिनो’ होता. वेसिनो म्हणजे शेजारी. गावाचा रहिवासी आणि दाराशेजारचा माणूस, दोघांना एकच शब्द. समाजशास्त्राच्या वर्गात नागरिकत्वावर आम्ही बरंच काही पाठ केलं होतं, पण हा शब्द त्या सगळ्याहून जवळचा वाटला.

पहिली मैत्री झाली समोरच्या म्हातारीशी. तिकडे आजीला ‘याया’ म्हणतात, आणि तिला सगळी गल्लीच याया म्हणायची, मग आम्हीही म्हणू लागलो. वय सत्तरीच्या पुढे. आमच्या लेकीला ती ‘शिकेता’ म्हणायची, म्हणजे वालेन्सियन भाषेत ‘पोरी’. लेक शाळेतून आली की यायाच्या दारातून एक संत्रं घेतल्याशिवाय घरी येत नसे. आमचं स्पॅनिश तिसरीच्या मुलाचं, त्यामुळे याया आमच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायची, जणू आम्ही बहिरे आहोत.

१४ ऑक्टोबरला आम्ही घरात मेणबत्ती लावली आणि वंदना घेतली. संध्याकाळी यायाकडे गोड घेऊन गेलो. का, म्हणून तिनं विचारलं. सांगितलं, १९५६ साली याच तारखेला आमच्या लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. याया गप्प झाली. मग म्हणाली, ‘माझी पण १४ ऑक्टोबर आहे. पुढच्याच वर्षीची.’

१४ ऑक्टोबर १९५७ ला तुरिया नदी वालेन्सिया शहरात घुसली. याया तेव्हा लहान होती आणि नदीच्या मुखाजवळच्या नाझारेत वस्तीत राहत होती. गरिबांची वस्ती, पाणी तिथे सगळ्यात वाईट शिरलं. सरकारी आकडा ऐंशीच्या वर मृतांचा. जुन्या शहरात भिंतींवर आजही पाट्या आहेत, पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या. काही पाट्या आमच्या डोक्याच्या वर आहेत.

पुढची गोष्ट तिनं एका रविवारी आम्हाला चालवत नेऊन सांगितली. पुरानंतर फ्रँकोच्या सरकारनं नदीच शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवली. जुनं पात्र कोरडं पडलं, आणि त्यातून महामार्ग काढायचं ठरलं. १९७० च्या दशकात लोक रस्त्यावर आले. मागणी साधी होती, पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवं आहे. हुकूमशाही संपता संपताचा तो काळ. १९७६ मध्ये पात्र शहराच्या ताब्यात आलं, आणि ऐंशीच्या दशकात तिथे बाग उभी राहू लागली. आज त्या पात्रात सुमारे नऊ किलोमीटर सलग बाग आहे. वर जुने दगडी पूल, खाली पाण्याऐवजी माणसं. तिकीट नाही, फाटक नाही. लेक तिथे सायकल शिकली. नदी गेली तरी तिची जागा लोकांनी बिल्डरला जाऊ दिली नाही, हे बघताना आपल्याकडची किती तरी मैदानं डोळ्यांसमोर आली.

कोळीवाड्याची लढाई तर यायाच्या स्वतःच्या दारातली. १९९८ मध्ये नगरपालिकेनं एक मोठा रस्ता थेट समुद्रापर्यंत नेण्याचा आराखडा पुढे रेटला. तो जाणार होता एल काबान्यालच्या मधोमध, सोळाशेहून जास्त घरं पाडून. लोकांनी ‘साल्वेम एल काबान्याल’ म्हणजे ‘काबान्याल वाचवू या’ नावाचा मंच काढला. दरवर्षी काही दिवस ते स्वतःच्या घरांची दारं उघडी ठेवत, आत चित्रं आणि फोटो लावत, आणि शहराला सांगत, या, पाहून जा, काय पाडायला निघाला आहात. नगरपालिकेनं एकेक घर विकत घेऊन भिंती बुजवल्या, काही पाडली. माणसं हटली नाहीत. २०१० च्या सुरुवातीला केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या आदेशानं काम अडलं, आणि २०१५ मध्ये नगरपालिकेत सत्ता बदलल्यावर आराखडाच गुंडाळला गेला. सतरा वर्षं! यायाच्या बैठकीत त्या वर्षांचा एक फोटो आहे. तिच्याच दारात उभी, हात कमरेवर. आम्ही तिला सांगितलं, याया, तू आमच्या वस्तीत जन्मली असतीस तर तुला मोर्चाच्या पुढच्या रांगेत उभं केलं असतं.

आता उरलेलं अर्धं.

नोव्हेंबरमध्ये एकदा लेकीला घेऊन आम्ही समुद्राकडच्या जुन्या इमारतींच्या बाजूनं फिरून आलो. बंदरातल्या कामगारांसाठी बांधलेल्या त्या चाळवजा इमारती, आता पडीक झालेल्या. यायानं दारातूनच विचारलं, कुठून आलात? सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला. म्हणाली, ‘तिकडे पोरीला नेऊ नका. तिथे खितानो राहतात. त्यात चांगलेही असतात, पण जपलेलं बरं.’

आम्ही तिला धन्यवाद दिले.

हे लिहायला आम्हाला दीड वर्ष लागलं. तिला वाटलं आपण काळजीनं सांगतोय, आणि आम्हाला वाटलं हे ‘आपल्यातलं’ मानून सांगतेय. खरं सांगायचं तर त्या क्षणी थोडं बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी आम्हाला ‘त्यांच्या’पासून जपायला सांगत होतं. आजवर ‘ते’ आम्ही असायचो.

खितानो म्हणजे स्पेनमधले रोमा. हजारेक वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून निघालेल्या माणसांचे वंशज. त्यांची मूळ भाषा हे उघड सांगते. स्पेनच्या कागदपत्रांत त्यांची नोंद १४२५ पासून सापडते. १४९९ च्या राजाज्ञेनं त्यांना साठ दिवस दिले, कुणाच्या तरी चाकरीला लागा, नाहीतर शंभर फटके आणि हद्दपारी. जुलै १७४९ मध्ये एकाच वेळी देशभर धाड घालून हजारोंना पकडलं. पुरुषांना नौदलाच्या कारखान्यांत सक्तीच्या मजुरीला धाडलं, बायका-मुलांना वेगळं कोंडलं. गुन्हा कोणता? जन्म. आपल्याकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांनी वाचलाय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. १९७८ च्या स्पॅनिश संविधानात समतेचं कलम आहे, जन्मावरून, वंशावरून, लिंगावरून, धर्मावरून भेद चालणार नाही असं सांगणारं. त्या कलमाचा क्रमांक १४. आपल्याही संविधानात समतेचं कलम चौदावंच. दोन्हीकडे कागदावर ते चोख आहे.

आमच्या खितानो मैत्रिणीशी ओळख झाली आठवडी बाजारात. काबान्यालचा बाजार गुरुवारी भरतो. ती तिथे कपड्यांचा ठेला लावते. लेक तिला ‘बाजारवाली मावशी’ म्हणायची. भारतातून आलो म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, मग आपण नातेवाईक. आपल्या आजीकडून ऐकलेले शब्द तिनं बोटांवर मोजून दाखवले. पाण्याला ‘पान्यी’. लेक ओरडलीच, ‘पाणी!’ स्पेनमध्ये सगळेच पोरांना ‘चवाल’ म्हणतात. तो शब्द खितानोंच्या ‘चवो’वरून आला, आणि ‘चवो’ म्हणजे आपल्या ‘छावा’चा सख्खा भाऊ. ज्यांना गल्लीत खुर्ची नाही त्यांचा शब्द मात्र साऱ्या देशाच्या तोंडात आहे.

८ एप्रिल हा रोमा लोकांचा जागतिक दिवस. १९७१ च्या त्यांच्या पहिल्या जागतिक परिषदेची ती आठवण. त्या दिवशी मावशीच्या गॅलरीत झेंडा होता. वर निळा, खाली हिरवा, मध्ये सोळा आऱ्यांचं लाल चक्र. आजीला येऊन आठवडाच झाला होता. ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, ‘आपला झेंडा इथं कुणी लावला?’ आम्ही समजावलं. ती म्हणाली, ‘चक्र आहे ना? मग आपलाच.’

सहा दिवसांनी १४ एप्रिल. आम्ही खिडकीत निळा झेंडा लावला. खाली पाहिलं तर यायाच्या गॅलरीतही झेंडा, लाल-पिवळा-जांभळा. १४ एप्रिल १९३१ ला स्पेनमध्ये दुसऱ्या प्रजासत्ताकाची घोषणा झाली होती. पुढे यादवी युद्धात वालेन्सिया जवळजवळ वर्षभर त्या प्रजासत्ताकाची राजधानी होती. फ्रँकोच्या काळात हा झेंडा लपवून ठेवावा लागे, आणि यायाच्या वडिलांनी तो गादीत शिवून ठेवला होता. आजीनं तिला बाबासाहेबांची फ्रेम दाखवली, तिनं आजीला वडिलांचा फोटो दाखवला. दोघींत एकाही भाषेचा एक शब्द समान नव्हता. दोघी अर्धा तास बोलल्या.

मग मे महिना. मावशीच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ती भाड्यानं घर शोधत होती. काबान्याल वाचला तसा तो महागही झाला. पर्यटकांना दिवसावर देण्यासाठी घरं विकत घेतली जातात, आणि गरिबाला घर मिळणं सगळ्यांनाच अवघड झालंय. पण तिची अडचण निराळी होती. आमच्याच शेजारच्या गल्लीत एका घरावर पाटी होती. ती भेटायला गेली, तर घर ‘आधीच गेलेलं’. मावशीनं आम्हाला सांगितलं, ‘तुम्ही फोन करून बघा.’ आमच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये आम्ही फोन केला. भारतातून आलोय, विद्यापीठात काम करतो. पलीकडून उत्तर आलं, घर रिकामं आहे, आज संध्याकाळी बघायला या.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घरमालकांची अशीच परीक्षा घेतली होती. तो अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार कसा मिळतो, ते त्यात मांडलंय. आम्ही तो कितीदा शिबिरांत सांगितलाय. पण यावेळी फोन करणारे आम्ही ‘घर मिळणाऱ्यां’च्या बाजूला होतो. पाचशे वर्षांपासून स्पेनमध्ये असलेल्या मुलीला घर नाही, आणि आठ महिन्यांपूर्वी विमानातून उतरलेल्या आम्हाला आहे. त्या दिवशी आम्हाला आमच्या ‘कुणी जात विचारली नाही’चा अर्थ लागला. आम्हाला विचारली नाही, कारण तिथल्या शिडीवर आमची पायरीच नव्हती. ज्याची पायरी ठरलेली आहे त्याला तिथेही न विचारताच ओळखतात.

जून लागला की काबान्यालमध्ये लोक संध्याकाळी खुर्च्या रस्त्यावर आणून बसतात. घरं तापलेली असतात, समुद्राचा वारा सुटतो. गल्लीचा एक अलिखित नियम आहे, कुणीही आलं की जवळच्या घरातून एक खुर्ची बाहेर येते. आमच्यासाठी किती वेळा आली असेल! एका संध्याकाळी मावशी लेकीचा फ्रॉक घेऊन आली. तिनं तो कमी करून शिवला होता. गप्पा थांबल्या. ती उभी राहिली. कुणीही आत गेलं नाही.

आम्हाला कळत होतं, आणि आम्हीही उठलो नाही. हे दुसऱ्यांदा.

उठली ती आजी. आपली खुर्ची तिनं पुढे सरकवली, ‘बस गं माय’ म्हणाली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. गुडघ्यांचं दुखणं असलेली पाहुणी म्हातारी खाली बसलेली यायाला बघवेना. ती आत गेली आणि खुर्ची घेऊन आली. मावशीसाठी नव्हे, आजीसाठी. पण त्यामुळे वर्तुळात एक खुर्ची वाढली. एका गृहस्थांनी आपली खुर्ची उचलली आणि ते घरात गेले.

मग आम्हाला कंठ फुटला. फोनची गोष्ट आम्ही सगळ्यांसमोर सांगितली. याया म्हणाली, ‘घर त्याचं, मर्जी त्याची.’ आम्ही म्हटलं, याया, काबान्याल पाडायला निघाले तेही म्हणत होते, शहर आमचं, मर्जी आमची. तिनं उत्तर दिलं नाही. मावशी दहा मिनिटं बसली आणि गेली. चार दिवस याया आमच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी आजीसाठी भट्टीतला भात घेऊन आली, हरभरे आणि अख्खा लसूण घातलेला. आजीनं तिला भाकरी दिली. त्या विषयावर एक अक्षर नाही. महिनाअखेरीस आम्ही निघालो तेव्हा मावशीच्या मुलीला घर मिळालेलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर २०२४ ला वालेन्सिया प्रांतात पुन्हा पूर आला. दोनशेहून जास्त माणसं गेली. दक्षिणेला वळवलेल्या नदीनं मुख्य शहर वाचवलं, बुडाली ती प्रामुख्यानं नव्या पात्रापलीकडची गावं. आम्ही यायाला फोन केला. ती सांगत होती, हजारो लोक झाडू आणि फावडी घेऊन पूल ओलांडून चालत गेले. तिचा नातू गेला होता. मावशीचे दोन मुलगेही गेले होते. मग थोडं थांबून म्हणाली, ‘ती परवा आली होती, तुमच्या आजीची चौकशी करत होती.’ आम्ही विचारलं, बसली का? ‘बसली,’ म्हणाली. आम्ही पुढे काही विचारलं नाही.

यायाला नावं ठेवून हा लेख संपवणं सोपं आहे. पण ‘जपलेलं बरं’ हे वाक्य आम्ही तिच्याकडून पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं. आमच्या वस्तीच्या कडेला, नाल्यापलीकडे पालं पडायची. भटकी कुटुंबं यायची, दोन-तीन महिने राहायची. आम्हाला लहानपणी घरच्यांनी, आपल्याच जयभीमवाल्या माणसांनी, हेच बजावलं होतं. तिकडे जाऊ नका, ती माणसं बरी नसतात. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेलं असतं, म्हणून शिडी टिकते. वरच्याला शिव्या घालून ती हलत नाही. आपल्या खालच्या पायरीवरून आपला पाय निघाला, तरच हलते.

नाल्यापलीकडे पालं आजही आहेत. तिथल्या बहुतेकांकडे रहिवासी दाखला नाही. त्यावाचून जातीचा दाखला अडतो, शिधापत्रिका अडते. परदेशातून गेलेल्या आम्हाला एका खिडकीवर कायद्यानं ‘शेजारी’ करून घेतलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत फिरणाऱ्यांकडे आपण कायमच्या पत्त्याचा पुरावा मागतो. परत आल्यापासून दर रविवारी आम्ही तिथे अर्ज भरायला बसतो. आतापर्यंत नऊ कुटुंबांचे दाखले निघालेत. वस्तीतले काही जण विचारतात, हे आपलं काम आहे का?

आजी कधी कधी सोबत येते. खुर्ची मागत नाही. त्यांच्याच पटकुरावर बसते, आणि पहिल्यांदा पाणी मागते.